कोकिळाचा डबा वेल्सला जाऊन आला

साठीनंतर इंग्रजी शिकू नये असा काही कायदा नाही. असता तर मी तो मोडला असता. नाही, म्हणून नुसताच शिकायला लागलो. आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या गल्लीत या बातमीने जी खळबळ माजली, ती मी झटका येऊन ओट्यावर आडवा झालो असतो तरी माजली नसती. समोरचे किराणावाले लालचंदभाऊ म्हणाले, "नाना, आता या वयात इंग्रजी कोणाशी बोलायची? यमाशी?"

मी म्हणालो, "यमाशी अहिराणीतच बोलेन. तुमच्याबद्दल चार शब्द सांगायचेत, ते नीट पोचले पाहिजेत."

तसं इंग्रजी मला येत नव्हतं असं कोणी समजू नये. एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं काढली. गिअरबॉक्सची जाडजूड पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन एकट्याने वाचली. पण ते इंग्रजी 'सदर नट उजवीकडे आवळावा' या थाटाचं. त्या इंग्रजीच्या जोरावर मी गिअरबॉक्स उघडू शकत होतो, तोंड उघडू शकत नव्हतो. बरं, क्लास लावावा, तर धुळ्यात पानाच्या टपऱ्यांपेक्षा इंग्रजीचे क्लास जास्त. एकात गेलो. टाय लावलेल्या सरांना इंग्रजीत विचारलं, संडास कुठे आहे? त्यांनी माझ्या वाक्यात तीन चुका काढल्या, संडास दाखवला नाही. त्या माणसाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

मार्ग काढला तो विधीने. विधी ही लालचंदभाऊंची सून. लग्नाआधी पुण्यात परदेशी लोकांचे फोन घ्यायची नोकरी करत होती, त्यामुळे गोरी माणसं कशी बोलतात, कशी रागावतात आणि रागावल्यावर किती गोड बोलतात हे तिला पाठ. तिने मोबाईलवर एक योजना शोधली. तिकडची रिटायर्ड माणसं आठवड्यातून अर्धा तास आपल्यासारख्यांशी व्हिडिओ कॉलवर फुकट गप्पा मारतात. मला मिळाला गॅरेथ. मुक्काम वेल्समधलं एक छोटं गाव, वय एकाहत्तर, बायको वारलेली, आणि जन्मभर काय केलं, तर बस चालवली!

मी बस दुरुस्त करणारा, तो चालवणारा. पत्रिका याहून काय जुळायची? पहिला अर्धा तास क्लचवरच गेला. वेल्समध्येही ड्रायव्हर लोक क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकतात आणि मग मेकॅनिकला शिव्या देतात हे ऐकून मला जगाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

दर गुरुवारी संध्याकाळी साडेचार, म्हणजे त्याचे सकाळचे अकरा. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. खाली लुंगी, पण ती दिसत नाही.

भानगडी मात्र पहिल्या महिन्यातच सुरू झाल्या. तो विचारायचा, कसे आहात? विचारलंय तर सांगावं, म्हणून मी सांगायचो. एकदा पित्त, पाठ आणि पोट यांचा सविस्तर अहवाल अकरा मिनिटं चालला. विधी म्हणाली, "नाना, ते विचारत नाहीत. नुसतं म्हणतात."

"मग विचारतो कशाला? उत्तर नको असेल तर तोंड बंद ठेवावं."

मीही त्याला आपल्या पद्धतीने आपलेपणाने विचारलं. जेवलास का? पेन्शन किती? मुलगा एकच का? तो तुझ्याजवळ का राहत नाही? यावर गॅरेथ जरा थांबून म्हणायचा, "हा फार मनोरंजक प्रश्न आहे." मी खूश. विधीने डोक्याला हात लावला. "नाना, याचा अर्थ हा प्रश्न पुन्हा विचारू नका." आता सांगा, अशा माणसाशी दोस्ती करायची म्हणजे सुरुंगाचं जिलेटिन लावलेल्या विहिरीत उतरण्यासारखंच की नाही?

पण मी उतरलो, आणि का उतरलो ते सांगून टाकतो, कारण लपवाछपवी मला जमत नाही. रतिलाल माझा दोस्त. वर्कशॉपात माझ्याशेजारी लेथवर असायचा. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी घरी यायचा. दार वाजवायचा नाही. चपला काढल्याचा आवाज झाला की माझी बायको कोकिळा चहाच्या आधणात एक कप पाणी वाढवायची. तो यायचा, पेपर उचलायचा, तासभर एक शब्द न बोलता बसायचा आणि उठून जायचा. त्याला मुलगा पुण्याला घेऊन गेला. आता फोन केला की रतिलाल म्हणतो, "बोल धनसिंग, काय काम होतं?" काम! मी फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत बसतो. गल्लीतही आता कोणी कोणाकडे सहज जात नाही. आधी मेसेज टाकतात, घरी आहात का म्हणून. मला इंग्रजी नको होतं हो. माणूस हवा होता. तो इंग्रजीत मिळत होता, म्हणून इंग्रजी.

तर एका गुरुवारी गॅरेथ जाता जाता म्हणाला, पुढच्या वेळी जमणार नाही, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. हे त्याने अशा आवाजात सांगितलं जणू केस कापायला जायचंय.

मी विचारलं, "दवाखान्यात जवळ कोण बसणार?"

"मित्र सोडणार आहे गाडीने."

"आणि मग?"

"मग तो कामाला जाईल ना."

मी हादरलो. दवाखान्याच्या दारात सोडून जातो तो मित्र? आमच्याकडे असं रिक्षावाला करतो, आणि तोही आधी विचारतो, कोणाला बोलावू का?

गल्लीत बातमी फिरली. शेजारच्या झुंबरबाई अक्का, वय पंचाऐंशी, आवाज पंचविशीतला, ओट्यावर येऊन कडाडल्या, "तुना दोस्त दवाखानामा पडेल शे नि तू आठे चहा पी ऱ्हायना? लाज शे का तुले?"

"अक्का, तो सातासमुद्रापलीकडे आहे."

"मंग डबा तं धाड!"

दवाखान्यातल्या माणसाला बघायला जायचं, आणि जाणं होत नसेल तर डबा पाठवायचा. यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. अक्कांनी बिबड्या काढल्या. बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवायचे आणि वर्षभर भाजून खायचे. लालचंदभाऊंनी हुंगून पाहिलं आणि मान वळवली, कारण लसूण, आणि ते जैन. पण धर्म आड येऊ न देता केळ्याचे वेफर्स त्यांनीही दिले. कोकिळाने हे सगळं स्टीलच्या डब्यात भरलं. साधासुधा डबा नव्हे. तिच्या भावाच्या लग्नात आलेला, कडेला 'सौ. कोकिळा धनसिंग पाटील' असं मशीनने कोरलेला.

मी म्हणालो, "अगं, प्लास्टिकच्या पिशवीत भर."

"आजारी माणसाला पिशवी पाठवू? भिकारी आहोत का आपण?"

धुळ्यातल्या कुरियरवाल्याने खायच्या वस्तूला हात जोडले. लालचंदभाऊ म्हणाले, जळगावात माझ्या ओळखीचा माणूस आहे. लालचंदभाऊंच्या ओळखीचा माणूस प्रत्येक गावात असतो, आणि आपण जातो त्याच्या आदल्या महिन्यात त्याची बदली झालेली असते. पारोळा, एरंडोल करत एसटीने जळगाव गाठलं. डबा माझ्या मांडीवर, लालचंदभाऊ माझ्या खांद्यावर झोपलेले. माणूस बदलून गेलेला. त्याच्या खुर्चीत हितेंद्र नावाचा एक गृहस्थ, समोर फॉर्म.

"डब्यात काय?"

"बिबड्या."

"हे औषधात येतं का खाण्यात?"

"खाऊन बघा."

त्याने खरंच खाऊन बघितल्या. दोन. तपासणी म्हणून. मग म्हणाला, बिल लागेल. घरच्या बिबड्यांचं बिल कोण देणार, अक्का? लालचंदभाऊंनी खिशातून दुकानाचं बिलबुक काढलं (हा माणूस बहुतेक अंघोळीलाही ते घेऊन जातो) आणि लसणाच्या बिबड्यांचं बिल स्वतःच्या, पिढ्यान्‌पिढ्या लसूण न विकलेल्या दुकानाच्या नावावर फाडलं. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते पाहून मी त्यांना मागचे बरेच टोमणे माफ केले.

"पाठवणाऱ्याचं घेणाऱ्याशी नातं?" हितेंद्रने विचारलं.

"मित्र."

"किती वर्षांची ओळख?"

"सात महिने."

"भेटलात किती वेळा?"

"एकदाही नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. तुच्छतेने नाही, खरंच कुतूहलाने विचारलं, "मग मित्र कसे हो, काका?"

छत्तीस वर्षांत मला अधिकाऱ्यांनी, प्रवाशांनी, युनियनवाल्यांनी नाही नाही ते विचारलं, मी सगळ्यांना फाडून उत्तर दिलं. याला एवढंच म्हणालो, "तू लिही मित्र. पुढचं मी बघतो." तो फॉर्मवर खाली वाकून लिहीत होता आणि मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशात वेल्स शोधत होतो. सापडलं नाही. त्याच्यावर नेमका पंख्याचा रेग्युलेटर बसवलेला होता.

बारा दिवसांनी डबा पोचला. गॅरेथने फोटो पाठवला. सुजलेला गुडघा, शेजारी डबा. आणि आभार! मेसेजमध्ये सहा वेळा, गुरुवारी बोलताना नऊ वेळा, आणि वर टपालाने एक छापील कार्ड, सोनेरी अक्षरात धन्यवाद. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दोस्ताला कोणी आभाराचं कार्ड पाठवतं? रतिलालने माझ्याकडे चार हजार कप चहा प्यायला, एकदा 'थँक्यू' म्हणाला असता तर मी त्याला विचारलं असतं, बाबा, माझं काय चुकलं?

"नाना, त्यांच्यात ते प्रेम असतं," विधी म्हणाली.

"आमच्यात ते बाय-बाय असतं."

आणि डबा? डबा म्हणे फारच सुंदर आहे, त्याने तो खिडकीत मांडून ठेवलाय. त्याला वाटलं डबाही भेटच. कोकिळा ऐकत होती. "भेट कशी? नाव कोरलंय माझं."

यापुढे आठ आठवडे गल्लीत एकच प्रश्न. दूधवाला विचारी, डबा आला का? लालचंदभाऊ गिऱ्हाईकाला साखर मोजता मोजता विचारत, डबा आला का? अक्का तर स्पष्टच म्हणाल्या, "डबा उना तं दोस्त, नही उना तं गिऱ्हाईक." आमच्याकडे शेजारी डबा जातो तो परत येतो, आणि रिकामा येत नाही. त्यात काहीतरी घालूनच येतं. चार लिंबं, वाटीभर शेव, काही नसेल तर चिमूटभर साखर. म्हणजे येणं-जाणं चालू राहतं. डब्याने दोन घरं शिवलेली असतात.

पण हे इंग्रजीत मागायचं कसं? विधीने वाक्य करून दिलं. ते असं होतं की, मी सहज विचार करत होतो, तुम्हाला फार त्रास होणार नसेल, आणि काही घाई नाही, पण कधी योग आलाच तर त्या डब्याबद्दल काही करता येईल का. मी पाठ केलं, म्हटलं. गॅरेथ म्हणाला, "हो, खरंच छान डबा आहे." एवढ्या गाद्या-उशा लावल्यावर आतला डबा कोणाला दिसणार? तीन गुरुवार मी तीन वेगवेगळ्या मऊ वाक्यांनी प्रयत्न केला. तिन्ही वेळा त्याने डब्याची स्तुती केली. चौथ्या गुरुवारी माझा गिअर पडला. मी म्हणालो, "गॅरेथ, कोकिळाला तिचा डबा पाहिजे."

मग त्याचा चेहरा लाल, कान लाल. सॉरी, सॉरी, सॉरी. मी मोजायचं सोडून दिलं. अर्धा तास संपायला अजून बरीच मिनिटं होती, तरी त्याने फोन ठेवला.

दहा दिवसांत पार्सल आलं. सगळी गल्ली ओट्यावर. अक्कांना खुर्ची दिलेली. कोकिळाने कात्रीने सात पदर कापले, फुगे-फुग्यांचा कागद काढला. डबा असा घासलेला, की आम्हा सगळ्यांचे चेहरे त्यात दिसत होते. तिने झाकण उघडलं.

रिकामा.

आत एक कार्ड. क्षमस्व.

लालचंदभाऊ प्रेतयात्रेतही बोलतात, ते दुकानात जाऊन काटा पुसायला लागले. अक्का उठता उठता म्हणाल्या, "आसं तं दुश्मनबी करस नही." कोकिळाने झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला, कोरलेलं नाव भिंतीकडे करून.

पुढच्या गुरुवारी मी फोन उघडला नाही. त्याचाही आला नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला. शर्ट मात्र मी घातला. कशासाठी, ते विचारू नका. साडेचारला घालायचा, पाचला काढून खुंटीला लावायचा. कोकिळा बघायची आणि दुसरीकडे बघायची.

तिसऱ्या आठवड्यात विधी आली. "नाना, ते तिकडे काय समजत असतील माहितीये? की त्यांनी तुम्हाला दुखावलंय, आता तुम्हाला एकटं सोडणं हाच सभ्यपणा."

"एकटं सोडणं सभ्यपणा? कोणत्या गाढवाने काढला हा नियम?"

"आणि रिकामा डबा पाठवू नये हा नियम त्यांना कोणी सांगितला?"

"दोस्ताला सांगावं लागत नाही."

"सात हजार किलोमीटरवरून लागतं, नाना," ती म्हणाली आणि गेली. सुनेने सासऱ्याच्या वयाच्या माणसाला असं तोडून बोलावं की नाही यावर मी संध्याकाळपर्यंत चिडलो. मग चीड संपली, आणि नुसती संध्याकाळ उरली.

सोमवारी दुपारी दीड वाजता, ताट वाढलेलं असताना, मी लुंगी-बनियनवर फोन लावला. वेळ न ठरवता. त्याचे सकाळचे आठ. गॅरेथने उचलला तेव्हा घाबरलेला होता. "काय झालं? सगळे बरे आहेत ना? कोकिळा?" त्यांच्याकडे न कळवता फोन येतो तो कोणी गेल्यावरच.

"काही झालेलं नाही," मी म्हणालो. "मी आलोय. एवढंच."

मग मी माझ्या गिअरबॉक्सच्या इंग्रजीत, एकही उशी न लावता, रिकाम्या डब्याचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, डबा भरला होता. बायकोच्या वहीतून बघून त्याने जन्मात पहिल्यांदा तव्यावरचे मनुकांचे छोटे केक केले. तिसरा घाणा जमला. डबा काठोकाठ भरला. मग मनात आलं, यात अंडं आहे. हे लोक अंडं खात असतील? की अपमान होईल? विचारायचा धीर झाला नाही. सगळे काढले, डबा तीनदा घासला, आणि ते केक चार दिवस एकट्याने खाल्ले.

मला हसावं की रडावं कळेना. "अरे, मी तुला पहिल्याच महिन्यात पेन्शन विचारली, आणि तुला माझं अंडं विचारता आलं नाही?" मग मी आवाज खाली घेतला. "खातो मी. बसस्टँडसमोर. कोकिळाला माहीत नाही."

"माहितीये मला," आतून कोकिळा म्हणाली. अंडं हा शब्द तिला इंग्रजीत येतो हे मला माहीत नव्हतं.

गॅरेथ इतका हसला की त्याला गुडघा धरावा लागला. मी म्हणालो, मला तुझं घर बाहेरून दाखव. आमच्याकडे माणूस दारातून येतो, मी अजून तुझं दारच बघितलं नाही. त्याने काठी घेतली, सपाता घालून बाहेर आला, रस्त्यापर्यंत गेला आणि फोन वळवला. निळं दार. दोन पायऱ्या. मी डोळे भरून बघत होतो, एवढ्यात वारा आला आणि ते दार, आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत, धाडकन लागलं. लॅचचं कुलूप. किल्ली आत. बाहेर थंडी, आणि थंडीत एकाहत्तर वर्षांचा माणूस सपातांवर, एका नव्या गुडघ्यासह.

"मुलाकडे दुसरी किल्ली आहे," तो म्हणाला. "दोन तास लागतील. मी थांबतो इथेच."

"शेजारी कोण राहतं?"

"मॉरीन. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांना हात करतो."

"घरात किती वेळा गेलास?"

तो काठीने जमीन टोकरायला लागला.

"जा. दार वाजव."

"धनसिंग, सोमवारी सकाळी आठ वाजता कोणाचं दार..."

"जा म्हणतो ना!" मी असा ओरडलो की लालचंदभाऊ गिऱ्हाईक सोडून दुकानाबाहेर आले. वर्कशॉपातला तो आवाज मीच कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. गॅरेथ गेला. काठी टेकत शेजारच्या फाटकातून आत गेला, दारासमोर उभा राहून तीनदा हात वर केला आणि तीनदा खाली घेतला. चौथ्यांदा त्याने वाजवलं.

दार उघडलं. एका बाईचा आवाज, अगंबाई की काय म्हणतात तसा तिकडचा. गॅरेथ माफी मागत होता, ती त्याचा दंड धरून आत ओढत होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि फोन टेबलावर उताणा पडला. मला दिसायला लागलं पांढरं छत, एक दिवा, आणि कोपऱ्यात ओल आल्याचा पिवळा डाग.

किटली ओरडली. कप वाजले. ती भरभर काहीतरी बोलत होती, त्यातलं मला निम्मं कळत नव्हतं. मग गॅरेथ काहीतरी म्हणाला, आणि ते दोघं हसले. गुरुवारी माझ्याशी बोलताना तो हसायचा, पण असा नाही. हा सैल हसला. माझा फोन चालू आहे हे तो पार विसरला होता.

कोकिळा हात पुसत येऊन माझ्या खांद्यावरून वाकली. "काय दिसतंय?"

"छत."

"मग बंद करा. भाजी निवली."

"थांब जरा," मी म्हणालो. "चहा चाललाय त्यांचा."